जापचेचा गोळा होऊ नये म्हणून

ओळखीतल्या लोकांनी घरी केलेल्या जापचेचे, म्हणजे नूडल्स आणि भाज्यांच्या कोरियन पदार्थाचे, फोटो मला अधूनमधून येतात, आणि त्यात तीनच प्रकार आलटून पालटून दिसतात. एकात करड्या नूडल्सचा गोळा असतो, चमच्याने उचलला तर आख्खा उठणारा. दुसऱ्यात ताटलीच्या कडेने काळपट पाणी सुटलेलं असतं. तिसऱ्यात वर नुसत्या नूडल्स आणि भाजी सगळी तळाशी. विचारलं तर तिघांचंही उत्तर एकच येतं: "हाक्का नूडल्स करतो तसंच केलं की."

तिथेच घोटाळा आहे. जापचेसाठी कढई वापरतात हे खरं, पण मुळात तो कालवायचा पदार्थ आहे. एकेक जिन्नस वेगळा शिजवायचा, त्याचं पाणी काढायचं, गार करायचा आणि शेवटी परातीत हाताने कालवायचा. मोठी आच, उडणाऱ्या ज्वाळा, सगळं एकदम कढईत, यातलं काहीही इथे नाही. दडपे पोहे ज्यांना नीट जमतात त्यांना जापचे लवकर जमतं, असा माझा अनुभव आहे.

कोरियनमध्ये 'जाप' म्हणजे मिसळलेलं आणि 'चे' म्हणजे भाजी. नावात नूडल्सचा पत्ताच नाही. त्यामुळे शिजल्यावर भाज्यांचा ढीग नूडल्सच्या ढिगाहून फार लहान दिसत असेल तर प्रमाण चुकलं असं समजा.

खालचं माप चार जणांचं आहे. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, लहान म्हणजे ५ मिली. आपला पोह्याचा चमचा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो, तेव्हा निदान सोया सॉस तरी मापाच्या चमच्यानेच घ्या.

१. खरेदी: निम्म्या चुका इथेच होतात

नूडल्स: २०० ग्रॅम दांगम्यॉन. या रताळ्याच्या स्टार्चच्या असतात. कोरड्या असताना करड्या, अर्धपारदर्शक, प्लॅस्टिकच्या तारेसारख्या ताठ आणि चांगल्या लांब. पाकिटावर घटकांमध्ये रताळ्याचा स्टार्च लिहिलेला आहे ना, एवढंच बघा. 'ग्लास नूडल्स' या नावाखाली मुगाच्या स्टार्चच्या नूडल्सही विकतात. त्या पांढऱ्या, केसासारख्या बारीक, छोट्या गुंडाळ्या करून बांधलेल्या असतात. सूपमध्ये उत्तम, इथे निरुपयोगी. माझा पहिला प्रयत्न याच नूडल्सवर वाया गेला. दुकानदार म्हणाला, सगळ्या सारख्याच. मी त्या आठ मिनिटं उकळल्या आणि झाऱ्यावर आली ती कपड्यांना घालायची खळ. तांदळाच्या शेवया आणि फालुद्याची शेव यांचाही इथे उपयोग नाही.

(रताळ्याच्या आहेत म्हणून उपवासाला चालतील का, असं मला एकदा खरंच विचारलं गेलं होतं. नूडल्स चालतीलही, पण सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. गहू वर्ज्य असलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं.)

सोया सॉस: कोरियन घेणार असाल तर 'जिन-गानजांग' घ्या. शेजारीच 'गुक-गानजांग' ठेवलेला असतो. तो सूपसाठीचा, रंगाला फिका पण जास्त खारट. रंग फिका म्हणजे सौम्य असेल असं वाटून लोक नेमका तोच उचलतात. कोरियन मिळाला नाही तर नेहमीचा जपानी सोया सॉस चालतो. आपल्याकडे चायनीजसाठी मिळणारा दाट काळा सोया सॉस मात्र नको. त्याने नूडल्स काळ्याकुट्ट होतात आणि चव फक्त खारट लागते.

तेल: भाजलेल्या तिळांचं गडद तपकिरी तेल. घाण्यावरचं आपलं तिळाचं तेल कच्च्या तिळांचं असतं आणि त्याला तो वास नसतो. भाजलेलं तेल मिळालंच नाही तर साधं तेल वापरा आणि दोन मोठे चमचे तीळ चांगले खरपूस भाजून, जाडसर कुटून शेवटी घाला. अगदी तीच चव येणार नाही, पण जवळपास जाते. भाजलेल्या तिळांचं तेल परतायला वापरू नका. जास्त तापलं की त्याचा सुगंध जातो आणि कडसरपणा राहतो.

बाकी: पालकाची एक जुडी, मध्यम गाजर, मोठा कांदा, पातीचे ४-५ कांदे, हवी तर एक लाल ढोबळी मिरची, २ अंडी, लसणाच्या ३-४ पाकळ्या, साखर, काळी मिरी, भाजलेले तीळ. मशरूममध्ये वाळवलेले शिटाके ५-६ आणि मोगी, म्हणजे वूड इअर नावाने मिळणारी काळी, कानाच्या आकाराची मशरूम, जेमतेम ५ ग्रॅम. ती भिजली की अनेक पटींनी फुगते. मूठभर भिजवलीत तर दोन दिवस तीच खात बसाल. शिटाके मिळत नसतील तर २०० ग्रॅम बटन मशरूम.

कोरियात यात बहुतेकदा बीफ घालतात, डुकराचं मांसही चालतं. चिकन घालायचं तर मांडीचं १५० ग्रॅम घ्या, छातीचं कोरडं पडतं. मांस आणि अंडं दोन्ही नको असेल तर मशरूम वाढवा. जापचेत मांस नसलं तर काही अडत नाही, मशरूम नसलं तर मात्र अडतं.

२. आदल्या रात्री आणि दोन तास आधी

शिटाके आदल्या रात्री गार पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. आयत्या वेळी ठरलं तर कोमट पाण्यात दोन तास. भिजवलेलं पाणी फेकू नका. तळाशी रेव बसते, ती मागे ठेवून वरचं चार मोठे चमचे पाणी गाळून बाजूला ठेवा, पाचव्या टप्प्यात लागेल.

मोगीला कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास पुरतो.

*सावधान:* मोगी रात्रभर ओट्यावर भिजत ठेवू नका. उबदार हवेत फार वेळ भिजलेल्या या मशरूममध्ये विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात आणि ते विष नंतर शिजवून जात नाही. आपल्या उन्हाळ्यात तर अजिबातच नाही.

नूडल्स भिजवाव्यात की नाही यावर कोरियन घरांतही दोन मतं आहेत. भिजवल्या तर उकळायचा वेळ कमी होतो, नाही भिजवल्या तर सरळ उकळायच्या. नवख्याने भिजवू नयेत असं माझं मत, कारण लोक तासभर भिजवतात आणि वर पाकिटावरचा पूर्ण वेळ उकळतात. मग लगदा होणारच. दोन्हीपैकी एकच करा. पुढची वेळ मी न भिजवलेल्या नूडल्सची दिली आहे.

३. चिरणं

गाजर, ढोबळी मिरची, शिटाके सगळं उभं आणि पातळ, बोटाएवढं लांब, आगपेटीच्या काडीहून किंचित जाड. कांदाही उभाच, पण कांदेपोह्याला चिरतो त्याहून जरा रुंद, कारण तो आक्रसतो. पातीचे तुकडेही तेवढ्याच लांबीचे.

हे दिसण्यासाठी नाही. गाजराचे चौकोनी तुकडे गुळगुळीत नूडल्सवरून घसरून तळाशी जातात आणि मग तो तिसऱ्या प्रकारचा फोटो तयार होतो. लांब पट्ट्या नूडल्समध्ये अडकतात, चॉपस्टिकने असो वा काट्याने, एका घासात दोन्ही येतात. गाजर किसू मात्र नका, कीस शिजताना पाणी सोडतो.

चिकन किंवा मांसाच्या पट्ट्यांना आणि पिळून घेतलेल्या शिटाकेंना मिळून १ मोठा चमचा सोया सॉस, १ लहान चमचा साखर, निम्मा ठेचलेला लसूण आणि थोडी मिरी चोळून ठेवा. भांडी मात्र दोन घ्या, कच्चं मांस मशरूममध्ये मिसळू नका. शिटाकेचे देठ चिवट असतात, ते काढा. मोगीचा बुडाचा कडक गाठीसारखा भागही.

४. भाज्या: एकच पॅन, पण क्रम ठरलेला

पालक आधी उरका. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळा, जुडी देठाकडून आत सोडा, अर्धा मिनिट. लगेच गार पाण्यात. आता पिळणं. इथे बहुतेक जण हळुवार होतात. दुधीहलव्याचा कीस पिळता तसा दोन्ही मुठींत धरून पिळा, थांबा, हातातला गोळा वळवून पुन्हा पिळा. दुसऱ्या पिळण्यात पहिल्याइतकंच हिरवं पाणी निघतं, हे स्वतः बघितल्याशिवाय पटत नाही. जुडीचा शेवटी लिंबाएवढा, फार तर लहान संत्र्याएवढा गोळा उरला पाहिजे. तो दोन-तीनदा कापून मोकळा करा आणि १ लहान चमचा सोया सॉस, उरलेला लसूण आणि अर्धा लहान चमचा तिळाचं तेल लावून ठेवा.

बाकीचं एकाच पॅनमध्ये, फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे. म्हणजे मध्ये पॅन धुवावा लागत नाही आणि गाजराचा रंग कांद्याला लागत नाही. प्रत्येक वेळी साधं तेल एक लहान चमचा आणि मिठाची चिमूट.

अंडं सर्वांत आधी. पांढरा आणि पिवळा भाग वेगळे फेटून मंद आचेवर कागदासारख्या पातळ पोळ्या घालायच्या, उलटायच्या, गार झाल्या की गुंडाळी करून पट्ट्या कापायच्या. कडा लालसर झाल्या तर आच जास्त होती. वेळ नसेल तर अख्खं अंडं फेटून एकच पोळी घाला, कोणी पकडणार नाही.

मग कांदा दोन मिनिटं, पारदर्शक होईपर्यंत. तो लालसर होईपर्यंत परतावा असं आपल्या हाताला आपोआप वाटतं, तो मोह आवरा. पाती अर्धा मिनिट. ढोबळी मिरची एक मिनिट. गाजर दीड-दोन मिनिटं, वाकलं पाहिजे पण मोडलं नाही पाहिजे. त्यानंतर मोगी, मग शिटाके चार-पाच मिनिटं. शिटाके पूर्ण शिजू द्या. कच्चट राहिले तर काही जणांच्या अंगावर चट्टे उठतात. बटन मशरूम असतील तर आधी तेल न घालता मोठ्या आचेवर टाका, पाणी सुटून आटू द्या आणि मगच तेल. मांस सगळ्यात शेवटी, पूर्ण शिजेपर्यंत.

प्रत्येक जिन्नस पॅनमधून काढला की रुंद ताटात पसरा. एकावर एक ढीग नको आणि वर झाकण तर नकोच. गरम भाजी ढिगात घामेजते, आणि दुसऱ्या फोटोतलं ते काळपट पाणी बहुतेक वेळा इथलंच असतं.

*तपासा:* ताट तिरपं करा. कडेला पाणी जमलं तर ते ओतून द्या. या वेळी भाजी चवीला किंचित अळणी लागायला हवी.

५. नूडल्स

भाज्या पूर्ण तयार होऊन गार होईपर्यंत नूडल्सला हात लावायचा नाही. 'एकीकडे नूडल्स उकळतायत, तोवर कांदा चिरू' हा शहाणपणा इथे अंगाशी येतो. शिजलेल्या नूडल्स वाट बघत नाहीत.

अडीच लिटर पाणी उकळा. मीठ नको. नूडल्स सोडा, पहिलं मिनिटभर चिमट्याने ढवळत राहा म्हणजे त्या तळाला आणि एकमेकींना चिकटत नाहीत. सहाव्या मिनिटापासून तपासायला लागा. बहुतेक नूडल्स सात-आठ मिनिटांत होतात, जाड असतील तर थोडा जास्त वेळ.

घड्याळावर विसंबण्यापेक्षा एक नूडल बाहेर काढा, पाण्याखाली गार करा आणि नखाने तोडून कापलेल्या टोकाकडे बघा. मधोमध पांढरा ठिपका दिसतोय? अर्धवट भिजलेल्या साबुदाण्यात दिसतो तसाच? मग अजून मिनिटभर. ठिपका गेला आणि दाताला ताण जाणवतोय, म्हणजे झालं. या ताणाला कोरियन लोक 'चोल्गीत' म्हणतात. मऊ नाही, कच्चं नाही, चावताना किंचित मागे ओढणारं. नूडल बोटांत दाबल्यावर सहज चिरडली तर वेळ उलटून गेली, आणि त्यावर उपाय नाही.

लगेच चाळणीत ओता आणि नळाखाली धरा. बोटांनी हलकेच चोळत धुवा. आधी हाताला बुळबुळ लागेल, ती वरच्या स्टार्चची. ती जाऊन नूडल्स करकरीत लागेपर्यंत धुवायचं. काही जण धूत नाहीत, गरमच सॉसमध्ये टाकतात. सरावलेल्या हाताला ते जमतं, पण पहिल्या-दुसऱ्या खेपेला धुवाच. मग चाळणी चांगली झटका, तीन मिनिटं निथळू द्या आणि स्वच्छ कात्रीने ढिगाला दोन ठिकाणी कापा. कात्री हे कोरियन स्वयंपाकघरातलं रोजचं हत्यार आहे, संकोच नको. न कापलेल्या नूडल्स कालवताना हाताला गुंडाळल्या जातात आणि भाज्या बाहेर ढकलतात.

आता तोच पॅन पुन्हा. त्यात ४ मोठे चमचे सोया सॉस, २ मोठे चमचे साखर, १ मोठा चमचा साधं तेल आणि शिटाकेचं बाजूला ठेवलेलं ४ मोठे चमचे पाणी. बटन मशरूम वापरले असतील तर साधं पाणी. उकळी आली की नूडल्स घाला आणि मध्यम आचेवर चिमट्याने खालीवर करत राहा. सुरुवातीला वाटेल सॉस फार झाला. तीन-चार मिनिटांत तो आत ओढला जातो, करडा रंग मधासारखा होतो आणि नूडल्सच्या आरपार दिसायला लागतं. पॅनच्या तळाशी थेंबही उरला नाही की आच बंद.

*थांबा:* तिळाचं तेल अजून घातलेलं नाही ना? आधी तेल माखलं तर सॉस नूडल्सवरून घसरतो, आत मुरत नाही. आता, आच बंद केल्यावर, १ मोठा चमचा तिळाचं तेल आणि भरपूर मिरी.

*तपासा:* एक नूडल खा. ती एकटीच खाताना किंचित जास्त गोड-खारट लागली पाहिजे, कारण अळणी भाज्या अजून मिसळायच्या आहेत. इथे चव बरोबर लागली तर शेवटी फिकं होणार. नंतर कालवलेल्या जापचेवर सोया सॉस ओतून ही चूक दुरुस्त होत नाही. तो भाज्यांवर बसतो, नूडल्स अळणीच राहतात आणि खाली पाणी जमतं.

६. कालवणं

घरातली सगळ्यात मोठी परात काढा. नूडल्स कोमट, हात लावता येईल इतपतच. भाज्या गार. आधी नूडल्स पसरा, त्यावर मांस आणि मशरूम, मग गाजर-कांदा, सर्वांत वर पालक चिमटीने सुटा करून. अंड्याच्या निम्म्या पट्ट्या राखून ठेवा.

हातानेच कालवा, हवे तर हातमोजे घाला. खालून वर उचलायचं, बोटं फाकवून सोडायचं. मळायचं नाही. झाऱ्याने किंवा चमच्याने नूडल्स गोल फिरतात आणि भाज्या मध्ये गोळा होतात. दहा-बारा वेळा उचललंत की पुरे.

मग आणखी अर्धा मोठा चमचा तिळाचं तेल, एक मोठा चमचा भाजलेले तीळ आणि वर अंड्याच्या पट्ट्या. लिंबू, व्हिनेगर, शेजवान चटणी यांची गरज नाही. तिखट हवं असेल तर शेजारी किमची, म्हणजे आंबवलेल्या भाजीचं कोरियन लोणचं, ठेवा.

बिघडलं तर

नूडल्स चिकटल्या असतील पण शिजून लगदा झाल्या नसतील, तर पुन्हा चाळणीत घेऊन धुवा आणि सॉसमध्ये परता. चव थोडी कमी होईल, गोळा मात्र सुटेल. खारट झालं तर पाणी घालू नका. अजून एक कांदा आणि गाजर परतून मिसळा, किंवा सरळ भातावर वाढा. पाणी सुटलं असेल तर सगळं परत पॅनमध्ये टाकायचा मोह होतो. तसं केलंत तर पालक काळा पडतो. परात तिरपी करून पाणी काढा, तीळ थोडे जास्त घाला आणि लवकर वाढा.

७. वाढणं आणि उरलेलं

जापचे कडकडीत गरम खायचा पदार्थ नाही. कोमट किंवा खोलीच्या तापमानाला छान लागतं, म्हणूनच कोरियात सणावाराला आणि वाढदिवसाला ते आधी करून ठेवता येतं. पण आपल्या मे महिन्यात 'खोलीचं तापमान' म्हणजे काय ते सांगायला नको. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. पालक सगळ्यात आधी आंबतो. उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी करणार असाल तर पालक वगळून हिरवी ढोबळी मिरची घाला.

आदल्या दिवशी तयारी करायची तर भाज्या, मांस, अंडं शिजवून वेगवेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवा. नूडल्स मात्र त्याच दिवशी.

उरलेलं जापचे फ्रिजमध्ये ताठ आणि पांढुरकं होतं, गार साबुदाण्याची खिचडी होते तसंच. स्टार्च पुन्हा घट्ट झालेला असतो, खराब झालेलं नसतं. दोन दिवसांत संपवा. पॅनमध्ये दोन मोठे चमचे पाणी घालून जापचे पसरा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर तीन मिनिटं. झाकण काढल्यावर नूडल्स पुन्हा आरपार दिसायला लागल्या की चमचाभर सोया सॉस आणि तिळाचं तेल घालून गरम भातावर ओता, वर एक अंड्याचं हाफ फ्राय. याला कोरियात 'जापचेबाप' म्हणतात, आणि आमच्या घरी मुद्दाम जास्तीचं जापचे केलं जातं ते यासाठीच.